मडगार्डवरची माणसं

१९९६ च्या उन्हाळ्यात खांदेश्वरजवळच्या भरावाच्या कामावर एका ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाके जमिनीपासून सुटली. ट्रॅक्टरला पुढे लोडर होता आणि त्याची बकेट मुरमाने भरलेली होती. मागच्या दोन्ही मडगार्डवर एकेक माणूस बसला होता. डावीकडच्याने उडी मारली. उजवीकडचा मुरमाच्या ढिगात पडला आणि त्याचे मनगट मुरगळले. चालवणाऱ्याने बकेट खाली सोडली, ती जमिनीला टेकली आणि मागची चाके परत खाली आली. आणखी कोणाला इजा झाली नाही.

हा प्रसंग मी पाहिलेला नाही. तो मला ट्रॅक्टर चालवणाऱ्या गजाननने आणि मुरमात पडलेल्या बाळारामने वेगवेगळा सांगितला. चाके किती उचलली गेली याबद्दल दोघांचे एकमत नव्हते. गजाननच्या मते वीतभर, बाळारामच्या मते कमरेइतकी. बाकी तपशील जुळतात.

मी तेव्हा नावड्याला एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. तळोज्याच्या कारखान्यांची जाळ्या-शिड्यांची कामे यायची, पण दुकान रस्त्यावर असल्यामुळे ट्रॅक्टर, डंपर, पाण्याचे टँकर यांचीही रांग असे. आसपासच्या गावांच्या जमिनी आणि मिठागरे नव्या शहरासाठी गेली होती. ज्यांना शक्य होते त्यांनी ट्रॅक्टर घेतले, पुढे लोडर बसवून घेतला आणि आपल्याच जुन्या जमिनीवर भराव टाकण्याच्या कामावर लावले. शेताच्या कामासाठी बनवलेले यंत्र असे दगड-मातीच्या कामाला लागले. आमच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ त्यात होते.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या तोंडासमोर बसवलेले दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला एक मोठी बकेट. बकेट भरून वर उचलली की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. पुढचा आस तराजूच्या आधारासारखा होतो. त्याच्या पुढे मुरूम, मागे ट्रॅक्टर. पुढचे पारडे जड झाले की मागचे वर जाते.

चाके जमिनीपासून सुटलेली दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागची चाके जमिनीला टेकलेली दिसतात, पण त्यांच्यावर भार नसतो. उतारावर ब्रेक दाबला की चाके थांबतात आणि ट्रॅक्टर मात्र घसरत पुढे जातो. शिवाय पुढचा आस खाचखळग्यांत जमीन धरावी म्हणून मधोमध एका पिनवर झुलता ठेवलेला असतो. मागची चाके हलकी झाली की ट्रॅक्टरला बाजूला आडवे होण्यापासून अडवणारे काही उरत नाही.

यावर गावोगाव एकच उपाय चालत होता. मागे माणसे बसवणे. तो ट्रॅक्टरच्या कारखान्यातून आलेला नव्हता, बैलगाडीवरून आला होता. भाताच्या भाऱ्यांनी गाडी मागून जड झाली की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते. मग घरातली दोन माणसे पुढे सरकून बसतात आणि गाडी जमिनीवर येते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले. ट्रॅक्टर पुढून जड झाला तेव्हा तीच माणसे मागे सरकून बसली.

दिघ्याच्या एका कामावर ट्रॉली जोडायच्या मागच्या दांडीवर उभा असलेला माणूस धक्क्याने खाली पडला. त्याचा पाय चाकाखाली आला आणि तो पुढे कापावा लागला. त्या ट्रॅक्टरची वाकलेली दांडी सरळ करायला आमच्याकडेच आली होती, म्हणून मला हे माहीत आहे. दांडी परत न्यायला आलेल्या मालकाला मी मागे वजनाची पेटी लावण्याविषयी विचारले. तो म्हणाला, "बघू पुढच्या वेळी." काही आठवड्यांनी त्याच दांडीवर दुसरा माणूस उभा असलेला मी पाहिला. फोरमनकीच्या सगळ्या वर्षांत अपघातानंतर आलेली गिऱ्हाइके पुष्कळ होती. आधी आलेली बोटांवर मोजण्याइतकी.

खांदेश्वरच्या कामावरचे साइट इंजिनीअर देसाई होते. चाके उचलल्यावर त्यांनी काम थांबवले आणि गजाननला बाजूला बोलावून सांगितले, "हे बघ, मागे माणूस दिसला तर गाडी गेटच्या आत येणार नाही. आणि माणसाशिवाय मागचं उचललं तरी गाडी बाहेर. मला ही रिस्क नको. सोमवारी मी स्वतः बघणार. पास झाली तर ठीक, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर लाईनीत उभा आहे."

दुसरा ट्रॅक्टर खरोखरच उभा होता. गेटबाहेर, झाडाखाली, चालकासह.

गुरुवारी सकाळी तिघे आमच्या दुकानात आले. पुढे यमुनाबाई. ट्रॅक्टर त्यांचा. नवरा गेल्यानंतर घर त्यांनीच चालवलेले, आणि त्या घरात दुसरी मिळकत नव्हती. मागे त्यांचा धाकटा भाऊ गजानन. त्याच्या मागे त्यांचा दीर बाळाराम, हाताला फडके बांधलेला. बाळारामला गावात 'क्विंटल' म्हणत. मडगार्डवर बसण्यासाठी त्याची निवड का झाली हे विचारावे लागत नव्हते.

"मिस्त्री," यमुनाबाई म्हणाल्या, "आमचे टॅक्टरला मागं कायतरी जड बांधून द्या. सोमवारी सायब बगनार हाय. नाय जमला तर काम गेला."

"जड मी हाय ना," बाळाराम म्हणाला.

"तुमी गप बसा, भावजी. तुमी हाव म्हनून तर आज हितं आलो."

"आरं, पेटीला कलतं का टॅक्टर कवा उचलतो? मना कलतं. टॅक्टर उचलला का मी मागं सरकतो."

"मंग परवा का नाय सरकला?"

"सरकतच होतो. तवर टॅक्टर सरकला."

गजानन हसला. यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा विचारले, सोमवारपर्यंत होईल का.

मागे वजन घालण्याचे तीन मार्ग आहेत. मागच्या चाकांच्या रिमला बिडाच्या चकत्या बोल्टने लावणे, टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरणे आणि ट्रॅक्टरच्या पाठीमागे वजनाची पेटी टांगणे. पहिले दोन मार्ग मागचा आस जड करतात, पण पुढच्या आसावरचा बोजा तसाच राहतो. पेटी मागच्या आसाच्याही मागे लटकते. त्यामुळे तेच वजन जास्त काम करते आणि पुढची चाकेही हलकी होतात. तराजूच्या दांडीच्या टोकाला ठेवलेला पासंग मधल्या पासंगापेक्षा भारी पडतो, तसेच.

आम्ही ट्यूबमध्ये पाणी आणि मागे पेटी, असे दोन्ही करायचे ठरवले. पाणी म्हटल्यावर बाळारामने सुचवले की मिठागराचे पाणी भरावे, ते जड असते. त्याचे म्हणणे चूक नव्हते. मात्र हा प्रयोग आमच्या दुकानात आधी होऊन गेला होता. एका गिऱ्हाइकाने आमचे न ऐकता ट्यूबमध्ये खारे पाणी भरून घेतले. वजन छान मिळाले. पुढे व्हॉल्व्हजवळ ट्यूब झिरपू लागली आणि मिठाने रिम आतून खाल्ली. वर्षभरात त्या रिममधून बोट आरपार जात होते. तो माणूस ती रिम दुकानात घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, याला वेल्डिंग मारा." वेल्डिंग मारायला लोखंड शिल्लक लागते, हे त्याला सांगावे लागले. यमुनाबाईंच्या ट्रॅक्टरमध्ये नळाचे पाणी भरले.

पेटीची अडचण वेगळी होती. नेहमी आम्ही जाड पत्र्याची पेटी करून तिच्यात काँक्रीट ओतत असू. काँक्रीट भिजवत ठेवावे लागते, त्याला दिवस लागतात. सोमवार जवळ होता. काँक्रीट ओले असताना पेटी कामावर धक्के खाऊ लागली असती तर आतून तुकडे पडून खुळखुळा झाला असता. म्हणून तळोज्याच्या भंगारवाल्याकडून पंचिंगचे तुकडे आणले. जाड प्लेटला मशीनवर भोके पाडली की जी गोल टिकली खाली पडते ती. या टिकल्या नुसत्या टाकल्या तर मध्ये पोकळी राहते, म्हणून थर लावून, प्रत्येक थर घणाने ठोकून पेटी भरली. झाकण वेल्डिंग करून बंद केले. पेटीला दोन बाजूंना जाड पिना आणि वर एक कान लावला. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिकचे दोन हात असतात आणि त्यांच्यावर टॉप लिंक नावाचा तिसरा दांडा. नांगर ज्या तीन ठिकाणी जोडतात त्याच तीन ठिकाणी पेटी जोडली जाते. पेटीचे वजन हायड्रॉलिकला पेलेल इतकेच ठेवले.

बाळाराम शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस दुकानात बसून होता. पेटी भरत आली तशी त्याने ती एका हाताने हलवून पाहिली. हलली नाही.

"किती भरली?"

"तुमच्यासारखे पाच-सहा जण," मी म्हणालो.

"पाच-सहा?" त्याने पेटीकडे पाहिले. "आनि जेवाया काय नाय लागत."

रविवारी ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. बकेटमध्ये मुरूम भरला, ती थोडी वर उचलली, आधी अख्ख्या ट्रॅक्टरचे वजन केले आणि मग फक्त मागची चाके काट्याच्या प्लेटवर घेतली. आमचा साधा नियम असा होता की भरलेल्या बकेटसह मागच्या चाकांवर एकूण वजनाचा निदान चौथा हिस्सा तरी राहिला पाहिजे. काट्याचा आकडा त्याच्या खाली आला.

यमुनाबाई काट्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. "कमी परला?" त्यांनी विचारले.

मी पेटी, पिना, टायर तपासले. सगळे ठीक होते. मग पुढे गेलो. बकेटच्या कडेवर मुरमाचा डोंगर होता. गजाननने बकेट काठोकाठ भरून वर शीग लावली होती.

"हे कशाला?"

"कशाला म्हंजे? मापाला शीग नाय तर माप कसला?"

त्याचे म्हणणे त्याच्या परीने बरोबर होते. भात पायलीने मोजताना वर शीग सोडणे हा देणाऱ्याचा मोठेपणा. सपाट माप देणारा माणूस कंजूष. गजाननचा हात त्या रितीत तयार झालेला होता आणि डंपरवालेही त्याला शिगेसाठी चढवत असत. शीग लोडरच्या सगळ्यात पुढच्या टोकाला बसते. तिथला प्रत्येक किलो मागे आम्ही भरलेल्या कितीतरी टिकल्या खाऊन टाकतो.

फळीने शीग सपाट केली. पुन्हा वजन केले. आकडा नियमाच्या वर गेला.

"बस," यमुनाबाई म्हणाल्या. "गजा, उद्या कोन काय बोलला तरी शीग नाय लावाची."

"लोक हसतील, ताई."

"हसूदे. आत राहिलो तर लोक हसतील. भायेर गेलो तर आपन रडू."

गजाननला मी आणखी काही गोष्टी सांगितल्या. भरलेली बकेट घेऊन चालताना ती जमिनीपासून थोडीच वर ठेवायची. डंपरजवळ पोचल्यावरच उचलायची. भरलेल्या बकेटने उतार उतरायचा तर उलट्या दिशेने, मागे येत. वळताना गती कमी. मागे वजन आहे म्हणून मोठी बकेट लावायची नाही. आणि लोडर काढला तर पेटीही काढायची, कारण मग उलटे होते. मागे जड, पुढे हलके, स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. एका गिऱ्हाइकाने भावाच्या हळदीसाठी लोडर काढून ठेवला, ट्रॉली जोडता येत नाही म्हणून पेटीवरच फळी टाकली, तिच्यावर बेंजोवाले बसवले आणि निघाला. चढावर पुढची चाके तरंगू लागली. ट्रॅक्टर सरळ एका मांडवात घुसला. मांडव दुसऱ्याच लग्नाचा होता. इजा कोणाला झाली नाही, आणि त्या लोकांनी बेंजोवाल्यांना वाजवल्याशिवाय सोडले नाही.

सोमवारी मी खांदेश्वरला गेलो. पुढचे सगळे मी स्वतः पाहिले आहे.

गेटवर देसाईंनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. पेटीच्या पिना, पिनांच्या क्लिपा, टायरच्या व्हॉल्व्हच्या टोप्या पाहिल्या. दुसऱ्या ट्रॅक्टरचा चालक झाडाखालून उठून जवळ आला होता. "शवपेटी लावलीय काय मागं?" तो म्हणाला. गजाननने ट्रॅक्टर ढिगाकडे वळवला.

ढिगाशी पहिली बकेट भरली. शीग नव्हती. डंपरवाला खिडकीतून ओरडला, "काय रे गजा, आज उपास हाय का?" गजाननने मागे यमुनाबाईंकडे पाहिले. त्या गेटजवळ उभ्या होत्या. त्याने बकेट तशीच उचलली, डंपरमध्ये रिकामी केली आणि दुसरी भरली.

देसाईंनी हात वर केला. भरलेली बकेट पूर्ण उंचीवर ठेवून ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करायला सांगितला. मग एका गोणपाटाची घडी घेऊन आले. "मागचं चाक थोडं पुढे घे, यावर आण." चाक गोणपाटाच्या अर्ध्या भागावर आले. अर्धे बाहेर राहिले.

"हे ओढून बाहेर निघालं तर तुमचं मागचं हलकं आहे," देसाई म्हणाले. "कोण ओढतं?"

बाळाराम पुढे आला. मुरगळलेला हात त्याने कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने गोणपाट ओढले. ते निघाले नाही. त्याने पाय रोवले, दुखरा हातही लावला आणि सगळे अंग मागे टाकून हिसका दिला. गोणपाट फाटले. अर्धे त्याच्या हातात आले, अर्धे चाकाखाली राहिले. बाळाराम मुरमात बसला.

"परत परला," डंपरवाला म्हणाला.

"या टायमाला टॅक्टरनं पारला नाय," बाळाराम बसल्या बसल्या म्हणाला. "मीच परलो."

या वेळी यमुनाबाई हसल्या.

शेवटी उतार. भरावाच्या माथ्यावरून खाली येणारा हा रस्ता, जिथे आधी ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत असे. गजानन भरलेली बकेट खाली ठेवून मागे येत उतरू लागला. अर्ध्यावर देसाई ओरडले, "थांब!" गजाननने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. देसाईंनी चाकाजवळच्या मातीकडे पाहिले. घसरल्याची खूण नव्हती. त्यांनी आणखी एकदा, जरा वेगात उतरायला लावून, थांबवले. ट्रॅक्टर पुन्हा थांबला.

"आता भरा," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बघतो."

संध्याकाळपर्यंत त्या ट्रॅक्टरने कामावरच्या इतर कोणत्याही लोडरपेक्षा जास्त डंपर भरले. शीग नसूनही. कारण सरळ होते. मागचे उचलेल या भीतीने आधी गजानन प्रत्येक बकेटला थांबत, चाचपडत जात असे. आता तो सरळ जात होता आणि ब्रेक धरत होते. डंपरवाल्यांना सपाट बकेटीबद्दल बोलायला फुरसत राहिली नाही.

सुटीच्या वेळी देसाई यमुनाबाईंजवळ आले. "उद्यापासून रेग्युलर आणा." मग बाळारामकडे बोट दाखवून विचारले, "हे कोण? सकाळपासून मागे-मागे फिरतायत."

"ह्यो आमचा जुना वजन," यमुनाबाई म्हणाल्या.

देसाई हसले. ते म्हणाले की पेटी मागे बरीच बाहेर येते, मागे घेताना चालकाला ती दिसत नाही. कोणीतरी जमिनीवर, बाजूला उभे राहून इशारा द्यायला हवा. बाळारामने लगेच विचारले, "उबा राहूनच ना?"

"उभं राहूनच. गाडीला हात लावायचा नाही."

"मंग जमला."

झाडाखालचा ट्रॅक्टर त्या संध्याकाळी परत गेला. दोन दिवसांनी तोच चालक आमच्या दुकानात आला आणि पेटीचे माप विचारून गेला. त्यानंतर त्या कामावरच्या प्रत्येक लोडरसाठी एकेक पेटी आमच्याकडे बनली. वेळ होता, म्हणून त्या काँक्रीटच्या केल्या. देसाईंनी गेटवर नियम लावला होता की पेटीशिवाय लोडर आत येणार नाही.

पावसाळ्यापूर्वी भराव पूर्ण झाला. शेवटचा डंपर यमुनाबाईंच्या ट्रॅक्टरने भरला.